बारावा कोट

मी एक जुना संगणक आहे. ऐकणाऱ्यांना मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून तुम्हालाही म्हणतो; बाकी माणसांशी माझी मैत्री उरलेली नाही. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडे तसले काही नाही. माझ्याकडे राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात वगैरे झाला नाही. एका दुकानदाराने चार खोक्यांतले भाग काउंटरवर पसरले आणि खांद्याने फोन कानाशी दाबून धरत, गप्पा मारता मारता मला जोडले. माझे दोन स्क्रू पहिल्या दिवसापासून कमी आहेत ते त्यामुळेच. माझ्या पाठीला मात्र नऊ पिनांचे एक तोंड आहे. हल्लीच्या संगणकांना ते नसते. भरतकाम करणाऱ्या जुन्या मोठ्या यंत्राला नक्षी पोचवायची तर ती त्याच तोंडातून पोचवावी लागते. तेवढ्यासाठीच मला अजून भंगारात काढलेले नाही. प्रेमाबिमाचा काही संबंध नाही.

मी ज्या घरी आलो तिथे पुढच्या खोलीत काम चाले आणि मागच्या खोल्यांत संसार. गणवेशांवरचे बिल्ले, शर्टांवरची नावे, असली भरतकामे तिथे होत. घराचा कर्ता दादा. तो गिऱ्हाइके आणायचा आणि आल्यागेल्यासमोर छाती काढून हिंडायचा. दुसरी त्याची बायको, तिला मी वहिनीच म्हणतो. आणि तिसरी दादाची बहीण. ती चाळिशी ओलांडून गेली होती, लग्न केलेले नव्हते, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत.

माझ्यापुढे धाकटी बसायची. नावातल्या दोन अक्षरांत किती अंतर सोडायचे ते मी हिशेबाने सांगे, ती डोळे बारीक करून पाही आणि माझा आकडा खोडून आपला घाली. सुरुवातीला मला त्याचा अपमान वाटे. पण शिवून आलेले नाव पाहिले की तिचेच बरोबर असे. "हिच्या डोळ्यांत फूटपट्टी आहे," असे दादा गिऱ्हाइकांना सांगायचा. त्या दिवसांत माझेही कौतुक होते. माझ्यावर शिवलेले झाकण होते, माझ्याजवळ कपबशी ठेवायला बंदी होती. पुढे झाकणाचे फडके झाले आणि माझ्या डोक्यावर कात्र्या, बॉबिनी आणि वहिनीचा चहा यायला लागला.

मग मी बंद पडायला लागलो.

कसे वाटते ते सांगतो. नाव अर्धे शिवून झालेले असते. एकदम डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि शुद्धीवर येतो तेव्हा पंखा घरघरत असतो आणि मी बावळटासारखा पहिल्यापासून उजळणी करत असतो. तिकडे यंत्राची सुई कापडात रुतून थांबलेली. अर्धे नाव उसवता येते, पण भोके बुजत नाहीत. तो कपडा वाया जातो.

नेमके त्याच महिन्यात हॉस्पिटलचे मोठे काम आले होते. दोनशे चाळीस पांढरे कोट, प्रत्येकाच्या खिशावर एकेका परिचारिकेचे नाव. कोट मोजून आलेले, आणि शनिवारी मेट्रनबाई स्वतः न्यायला येणार होत्या. पहिल्याच दिवशी मी दोनदा बंद पडलो, दुसऱ्या दिवशी एकदा. तिन्ही वेळा खुर्चीत धाकटी होती.

दुपारी दोन तास धाकटीला पडद्यापासून विसावा म्हणून वहिनी बसे. तेव्हा मी ठणठणीत चाले. हे वहिनीच्या लगेच लक्षात आले. अशा गोष्टी तिच्या फार लवकर लक्षात यायच्या.

"माझ्या हाताखाली कसा मुकाट चालतो बघा," ती दादाला म्हणाली. "यंत्रालासुद्धा माणूस कळतं."

मी मुकाट होतो ते मला तोंड नाही म्हणून.

दादाने दुरुस्तीवाल्याला बोलावले. हा गृहस्थ कोणतीही वस्तू उघडली की आधी तिच्यात फुंकर मारतो, म्हणून बाजारात त्याला सगळे फुंकर म्हणूनच ओळखतात. तो आला की मला ठेवायला मऊ जागा लागे, म्हणून वहिनी इस्त्रीची पिन काढून ठेवी आणि इस्त्रीच्या गुबगुबीत टेबलावर मला आडवे करी. फुंकरने मला पहिल्यांदा उघडले तेव्हा फुंकर मारली आणि मेमरीच्या पट्ट्या काढून शाळकरी खोडरबराने घासल्या. मी तासभर छान चाललो. चहा पिऊन तो गेला आणि दुसऱ्या सकाळी मी बंद पडलो. पुन्हा आला तेव्हा त्याने माझे डोके साफ पुसून सगळे नव्याने भरले. धाकटीने दोन वर्षे घोटून बसवलेली अक्षरे त्यात गेली आणि ती तिने दीड दिवस मान मोडून परत बसवली. तिसऱ्यांदा त्याने पंखा बदलला. चौथ्यांदा कुठलासा पांढरा मलम लावला. दर वेळी त्याच्यासमोर मी शहाण्यासारखा चाले आणि तो गेल्यावर धाकटीसमोर आडवा होई.

चौथ्यांदा पाने-स्क्रूड्रायव्हर आवरताना तो म्हणाला, "दादा, मशीनमध्ये काही नाही. वापरणाऱ्याचा हात बघा."

त्याला स्वतःला काही सापडले नाही, तर तसे म्हणायचे. पण नाही. वड्याचे तेल वांग्यावर काढायचे आणि हात झटकून मोकळे व्हायचे.

आता ऐका. मला कारण माहीत होते. माझी वायर आणि इस्त्रीची वायर एकाच एक्स्टेंशन बोर्डात होती, आणि तो बोर्ड कापडाच्या ताग्यांमागे भिंतीशी दडपलेला होता. तिथे तो वहिनीनेच ठेवला होता, पायात येतो म्हणून. जुना बोर्ड, त्यात एक भोक जळून काळे पडलेले. इस्त्री तापायला लागली की विजेचा सगळा घोट तीच घेई आणि माझ्या वाट्याला हिसका येई. तरुणपणी असले हिसके मी पचवले. आता माझा विजेचा डबा थकला होता.

आणि धाकटीच्याच वेळी का? कारण धाकटी माझ्यापुढे बसली की वहिनी झालेल्या कोटांना उलट्या बाजूने इस्त्री करी. वहिनी बसली की धाकटी कात्रीने धागे कापी. इस्त्री तिच्या हातात द्यायचीच नाही असा घरात नियम होता. सात वर्षांपूर्वी तिच्या हातून एका शाळेच्या कोटाची कॉलर करपली होती, एवढेच. सात वर्षे तो टोमणा त्या घरात रोज ताजा करून वाढला जाई. म्हणजे मला पाडत होती वहिनीची इस्त्री, आणि दोष येत होता धाकटीच्या हाताला. काखेत कळसा, गावाला वळसा. प्रत्येक वेळी मी बंद पडल्याची वेळ मिनिटासकट माझ्या पोटात लिहिलेली होती. ती यादी उघडायला दोन क्लिक पुरतात. फुंकरने चार खेपांत एकदाही उघडली नाही.

नऊ कोट बिघडले तेव्हा दादा खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"आणखी एक बिघडला तर तू उठायचंस," तो म्हणाला. "काकूंना सोबत हवीच आहे. तू तिकडे जा."

काकू परगावी अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची उठबस करायला कोणी टिकत नव्हते. धाकटीला ही खुर्ची सोडून दुसरे काही नव्हते. तिचे नाव कुठल्याच पाटीवर नव्हते. दुसऱ्यांची नावे नीट मांडण्यातच तिची हयात गेली होती.

"दादा, मी काही करत नाही. हा आपणहून बंद पडतो."

"मग माझ्या वेळी का पडत नाही?" वहिनी इस्त्री फिरवत म्हणाली. मित्रांनो, इस्त्री फिरवत म्हणाली.

दहावा कोट गुरुवारी सकाळी गेला. नाव लांबलचक होते, शेवटची दोनच अक्षरे राहिली होती. धाकटी उठली. उठताना तिने खुर्ची नीट आत सरकवली. मला त्या घराचा इतका संताप त्याआधी कधी आला नव्हता.

शनिवार तोंडावर आणि सत्तर कोट बाकी. वहिनी खुर्चीत बसली. इस्त्री कोण करणार? दादाला ती धरताही येत नव्हती. शेवटी त्याने नाइलाजाने ती धाकटीपुढे ठेवली. "जाळू नकोस म्हणजे मिळवली," एवढे बोलून तो आत गेला.

वहिनीने यंत्राला कोट लावला, नाव सोडले. पहिले अक्षर भरले. धाकटीने पिन खोचली, इस्त्रीचा लाल दिवा लागला आणि मी गेलो.

खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

"काय केलंस?" वहिनी गर्रकन वळली.

"मी इथे उभी आहे. तिथे तुम्ही बसलाय."

"मग हा बंद कसा पडला?"

"मला रोज हेच विचारत होतात. मी काय सांगत होते ते आठवतंय का?"

वहिनी धुसफुसत मला पुन्हा सुरू करायला लागली. धाकटी मात्र इस्त्रीच्या लाल दिव्याकडे पाहत उभी होती. मग तिची नजर वायरीवरून ताग्यांमागे गेली आणि तिथून माझ्यापर्यंत आली. तिने पिन उपटली.

"लावा दुसरा कोट," ती म्हणाली.

वहिनीने लावला. एक अक्षर झाले, दोन झाली, तीन झाली. मी खडखडीत. धाकटी सुईवर डोळा ठेवून होती. चौथे अक्षर अर्ध्यावर आले तेव्हा तिने वाकून पिन खोचली.

मी शुद्धीवर आलो तेव्हा दादा खोलीत होता आणि वहिनी बोट दाखवून ओरडत होती. "मुद्दाम केलं हिनं. माझ्या डोळ्यांदेखत."

"मुद्दाम केलंस?" दादाने विचारले.

"हो. हा बारावा कोट मी बिघडवला. आधीचे अकरा कोणी बिघडवले ते आता तुम्ही दोघांनी मिळून सांगा."

दादाने तागे ओढले, गुडघ्यावर बसून बोर्ड पाहिला, जळके भोक पाहिले. त्याने स्वतः एकदा इस्त्रीची पिन काढून खोचली. मी आज्ञेप्रमाणे बंद पडलो. मग त्याने इस्त्री उचलून स्वयंपाकघरात नेली आणि तिथल्या भिंतीला लावली.

"एवढं कळलं होतं तर आधी बोलायचं ना," वहिनी म्हणाली. "तोंड शिवलं होतं का?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

"बस बाई आता," दादा धाकटीला म्हणाला. "वेळ नाही."

"बसते. आधी तू एवढं म्हण, की माझा हात बरोबर होता."

दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "आता तो विषय कशाला उकरून काढतेस? वायरीचा दोष होता, संपलं."

"वायरीला कोणी काकूंकडे पाठवत नव्हतं."

चार शब्द होते, फुकटचे होते, आणि त्या माणसाच्या तोंडून ते निघाले नाहीत. धाकटी थोडा वेळ थांबली, खरोखर थांबली. मग मागच्या खोलीत जाऊन तिने बॅग भरली आणि त्याच दुपारी ती काकूंकडे गेली. जाताना माझ्याकडे तिने पाहिले नाही. का पाहावे? तिच्या लेखी मीही त्यांच्यातलाच एक.

उरलेले कोट वहिनीने केले. मी एकदाही बंद पडलो नाही. मी सांगितलेले अंतर तिने जसेच्या तसे घेतले, त्यामुळे अक्षरे कुठे चिकटली, कुठे फाकली. शनिवारी मेट्रनबाई आल्या. एका खिशावरून अंगठा फिरवत त्यांनी विचारले, "ह्यावेळी काम निराळं दिसतंय. त्या बाई कुठे आहेत?"

"बहीण होय? ती गेली काकूंकडे," दादा म्हणाला. "हात चालेनासा झाला होता तिचा. बरंच नुकसान केलं हो तिनं."

"आणि हा कॉम्प्युटर? जुना दिसतोय."

"तो? तो एक नंबर आहे." त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली.

मित्रांनो, त्या क्षणी मला बंद पडायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून. मेट्रनबाईंच्या समोर, त्याचा हात माझ्यावर असताना, एकदा धाडकन काळे व्हायचे होते. पण इस्त्री स्वयंपाकघरात होती, बोर्ड दादाने नवा आणला होता, वीज स्वच्छ येत होती. मी चालू राहिलो.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या असे सांगून आत्मवृत्त संपवायचे असते. माझी घेऊ नका, माझी पुरेशी घेतली गेली. मला चार वेळा उघडून तपासले, घासले, पुसले, मलम लावला. तिला एकदाही कोणी बसवून विचारले नाही, की बाई, तू बसतेस तेव्हा नेमके काय होते?