गोळी बंद

हार्टमध्ये स्टेंट टाकून घरी आलो तेव्हा मला एवढाच आनंद होता, की आपण परत मागावर उभे राहणार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागांवर माझं सगळं आयुष्य गेलंय. पण डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि माझ्या मांड्या दुखायला लागल्या. दुखणं एक वेळ सोसलं असतं, इथं ताकदच गेली. जेवून जमिनीवरून उठायला दानम्माचा हात धरावा लागे. बायकोच्या हाताशिवाय उठता येत नाही, म्हणजे काय माणूस आहे का ओंडका? मला स्वतःचीच चीड यायची.

मालकांनी मला घडीला बसवलं. दिवसभर टॉवेलच्या घड्या घालायच्या. "सिद्धप्पा, बरं वाटेपर्यंतच," म्हणाले, आणि माझ्या मागांवर दुसरा गडी उभा केला. त्याला तिथं बघून माझं डोकं फिरायचं.

डॉक्टरांकडे गेलो तो भांडायच्या तयारीनंच. ते शांतपणे म्हणाले, "मामा, ही गोळी बहुतेकांना सोसते, एखाद्याच्या स्नायूंना नाही सोसत. एवढी एकच गोळी महिनाभर बंद. दुखणं गेलं तर बदलून देतो. नाही गेलं तर गोळीचा दोष नाही, दुसरं काही शोधू."

घरी येऊन मी ती पाकिटं दानम्माच्या हातात दिली. "टाकून दे," म्हटलं. तिनं ती पदराखाली धरली. तिचा भाऊ बसू मैंदर्गीला असाच गेला होता. हार्टच्या गोळ्या कुणाला न विचारता सोडल्या आणि शेतातच कोसळला.

महिना गेला, दुखणं तसंच. डॉक्टरांनी मान हलवली. "मग गोळी नव्हे मामा." कमरेचा फोटो काढायला लावला, वय झालं म्हणाले. मालक म्हणाले, आता घडीलाच राहा. त्या संध्याकाळी मी घरात तांब्या आपटला.

जेवायला बसलो तर शेंगाचटणीत पांढरा कण दिसला. बोटावर घेऊन चाटला. कडू जहर!

"मीठ असंल," दानम्मा म्हणाली.

"मीठ कडू असतंय व्हय?"

ती ओट्याकडे बघायला लागली. मी भिंत धरून कसाबसा उठलो. ओट्यावर पोळपाट, त्यावर लाटणं, लाटण्याला पांढरी भुकटी.

"महिनाभर ती गोळीच चुरून खाऊ घातलीस मला?"

"व्हय. रोज."

"अगं, माझे माग गेले की! तो डॉक्टर कंबर तपासत बसलाय, आणि तू..."

दानम्मा कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "जाऊ द्या माग! पाय गेले तर मी उचलून बसवीन. तुमीच गेला तर कुणाला हात देऊ? बसूला मीच सांगितलं हुतं, दुखतंय तर नको घेऊ म्हणून!"

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी माझा राग गेला नाही. का जावा? दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांसमोर उभं केलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग गोळी खरोखर बंद झाली. त्या दिवसांत मी रात्री जागा झालो की तिचा हात माझ्या छातीवर असायचा.

दुखणं हळूहळू गेलं. डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, कमी ताकदीची. ती सोसली. माग अजून मिळाले नाहीत, मालकांशी रोज वाजतं.

परवा जेवण झालं. तिनं सवयीनं हात पुढं केला. मी तो बाजूला सारला आणि उठलो, भिंत न धरता. ती पदर डोळ्याला लावून रडायला लागली.

"रडतीस काय!" मी ओरडलो. "गोळी आण. हितं, माझ्या हातात दे. आणि बघ नीट."

मी तिच्यासमोर गोळी गिळली.

"तोंड उघडा," ती म्हणाली. आणि जिभेखालीसुद्धा बघितलं.