कासवीच्या पोटातलं पाणी

मित्रांनो, तुमच्या विहिरीतल्या आणि तळ्यातल्या कासवांशी माझं नातं जोडायला जाऊ नका. मला पोहता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. मी अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटातली एक म्हातारी कासवी आहे. माझी पाठ झिजली आहे, एका बाजूनं तिचा टवका उडाला आहे आणि माणसांविषयी माझं मत काही बरं नाही. ते तसं का झालं, तेच सांगायला बसले आहे. कोणाला घाई असेल तर त्यानं उठावं. मी घाई करणार नाही.

तुमच्याकडे म्हणे असं मानतात, की कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते. हे कोणी पाहिलं होतं कोण जाणे! माझ्या आईनं बिळाच्या तोंडाशी अंडी घातली, मागच्या पायांनी वर माती लोटली आणि चालती झाली. नजर राहू द्या, तिनं मानसुद्धा वळवली नाही. आम्हाला उबवलं ते उन्हानं. बाहेर आलो तेव्हा आमची पाठ उकडलेल्या बटाट्याच्या सालीइतकी मऊ होती आणि वर डोमकावळे घिरट्या घालत होते. भावंडं त्यांच्या पोटात गेली. मी एका निवडुंगाखाली शिरले आणि तिथेच सगळं शहाणपण शिकले. दिसायचं नाही, आवाज करायचा नाही आणि कोणी आपल्याला वाचवायला येईल अशी आशा धरायची नाही.

पाठ टणक झाली तशी मी कामाला लागले. तुम्हाला वाटत असेल, कासवाला कसलं आलंय काम? मित्रांनो, या पुढच्या पायांकडे बघा. फावडी आहेत ती. या फावड्यांनी मी खडकाळ मातीत बिळं खोदली. एकात उन्हाळा काढला, एकात हिवाळा झोपून काढला. मी सोडलेल्या बिळांत घुबडं राहिली, सरडे राहिले, एक आजारी साप राहिला. कोणी कधी "मावशी, जागा छान आहे हो" म्हटलं नाही. मीही अपेक्षा ठेवली नाही.

पण माझं खरं काम पाणी सांभाळायचं. ढग दाटले की मी जमिनीत पसरट खळगे करते, पाऊस पडला की त्यांत तोंड घालून पोट तट्ट फुगेपर्यंत पिते आणि ते पाणी पोटातल्या पिशवीत जपून ठेवते. पुढचा पाऊस येईपर्यंत तेच माझं तळं आणि तीच माझी विहीर. पाऊस कधी एका हिवाळ्यात येतो, कधी दोन-दोन हिवाळे फिरकत नाही. तोवर ते पाणी पोटात असेल तर मी आहे. नसेल, तर माझं रिकामं कवच तुम्हाला कुठेतरी झुडपाखाली सापडेल आणि तुम्ही ते उचलून "किती सुंदर!" म्हणाल.

एकच गोष्ट त्या पाण्याला धोक्याची. जमिनीवरून कोणी उचललं की आमचा धीर सुटतो आणि पोटातलं सगळं बाहेर येतं. कोल्ह्यानं उचललं तर त्याची घाण वाटून तो सोडून देतो. त्यासाठीच ही सोय आहे. माणसासाठी ती केलेली नव्हती, कारण तेव्हा माणूस आमच्या मोजणीत नव्हता.

पुढे या भागाचं राष्ट्रीय उद्यान झालं. डांबरी रस्ता आला, गाड्या लावायला खडीचं मैदान आलं, संडास आला आणि एक मोठा सूचनाफलक आला. माझं कौतुकही झालं. अभ्यासकांनी हातमोजे घालून माझ्या पाठीवर आकडा डकवला. शाळेच्या बसमधून पोरं यायची आणि लांबून माझी चित्रं काढायची. त्यांत माझे डोळे प्रेमळ दाखवलेले असत. हळूहळू पोरांना मोबाईल मिळाले आणि चित्रं बंद झाली. त्यानंतर आली ती लग्नाची मंडळी.

ती स्वतःला लग्नासाठी पळून आलेली म्हणवतात. मित्रांनो, पळून जाणं मला ठाऊक आहे. जीव घेऊन पळतात, मागे कोणी तरी लागलेलं असतं. हे लोक परवानगी काढून पळतात, केशरचना करून पळतात, सोबत फोटोवाली घेऊन पळतात. मागे कोणी लागलेलं नसतं म्हणून वर पाखरासारखं एक यंत्र उडवतात, ते यांच्या मागे लागतं.

गेल्या शरदात अशीच एक जोडी जागा बघायला आली. मॅरन नावाची उंच, गोरी, उन्हानं नाक सोललेली मुलगी आणि टेओ नावाचा सावळा, शांत मुलगा. मी बिळात होते आणि मॅरन माझ्या बिळाच्या छपरावर उभी होती.

"चर्चमध्ये केलं तर आईच्या सगळ्या चुलत बहिणी येणार," ती म्हणत होती. "आणि प्रत्येकीच्या हातात तेच भाजलेल्या नूडल्सचं भांडं!"

"माझ्याकडचे आले तर आठवडाभर जाणार नाहीत," टेओ म्हणाला. "समुद्रावर करायचं का?"

"तिथे मागे चड्डीतली माणसं दिसतात फोटोत."

"डोंगरात?"

"बर्फ! मी काय निळी पडून लग्न करू? अरे, इथेच करू या. बघ ना, चहूकडे काही नाही. कोणी म्हणजे कोणी नाही!"

छपरावरची माती माझ्या डोक्यावर पडत होती. कोणी नाही म्हणे! साप नाही, घुबड नाही, मी नाही. ज्या घरावर उभं राहायचं त्या घरालाच रिकामं म्हणायचं! यांनी वाळवंट निवडलं ते वाळवंट आवडलं म्हणून नव्हे. नात्यातली माणसं इथवर येणार नाहीत, एवढीच त्यांच्या लेखी माझ्या देशाची थोरवी.

त्या हिवाळ्यात पाऊस आला नाही. वसंतात फुलं आली नाहीत, गवत कुसळासारखं वाळलं. पोटात होतं ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यातलं पाणी, आणि ते मी जपून जपून वापरत होते.

अशा एका तापलेल्या दुपारी एक गाडी मैदानात लागली. तिच्यातून मॅरन आणि टेओ उतरले. पाठोपाठ ज्योली नावाची फोटोवाली उतरली. तिच्या गळ्यात इतकी यंत्रं लटकत होती, की तिची सावली झाडासारखी पडत होती. शेवटी गस उतरला. हा टेओच्या कचेरीतला मित्र, डोक्यावर नवी कोरी गवती टोपी. लग्न लावायचा अधिकार त्यानं घरबसल्या कॉम्प्युटरवर मिळवला होता. मंडळी इथे कपडे बदलणार होती आणि मग उन्हं कलली की दूरच्या लाल खडकापाशी गाडीनं जाणार होती. परवानगी त्या खडकाची आणि त्या संध्याकाळचीच होती.

त्यांनी सामान उतरवलं. बर्फात शँपेनच्या बाटल्या रोवलेला पत्र्याचा टब, खुर्ची, आरसा आणि काचेच्या दोन बरण्या. बरण्यांत काय असावं? वाळू! एकीत निळी, एकीत गुलाबी, दुकानातून विकत आणलेली. दोघांनी आपापली वाळू एका भांड्यात ओतली की संसार एक होतो म्हणे. मित्रांनो, वाळवंटात वाळू घेऊन येणारे हे लोक! मॅरनचा पांढरा झगा त्यांनी पिशवीसकट सूचनाफलकावर टांगला. उद्यानानं जे जे सांगून ठेवलं होतं ते सगळं झग्याआड गेलं.

माझ्यापुरतं म्हणाल, तर ऊन फार झालं होतं, बीळ लांब होतं आणि त्या गाडीखाली गार सावली होती. मी तिथे जाऊन बसले. गाडीखाली बसण्यात धोका असतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण उन्हापुढे मान कोण वर करतो?

निघायची वेळ झाली. मॅरन झगा घालून तयार झाली, तेवढ्यात तिच्या हातातला बूट सुटून गाडीखाली घरंगळला. तो घ्यायला ती वाकली आणि तिची-माझी नजरानजर झाली.

"अय्या! टेओ, कासव! अरे, आपण आत्ता निघालोच होतो! बिचारं चाकाखाली आलं असतं!"

"त्याच्या पाठीवर अंगठ्या ठेव!" ज्योली ओरडली. "जगात कोणाकडे नसेल असा फोटो!"

"हात लावावा का पण?" गस म्हणाला. "चावलं तर?"

"गस, तू मंत्र पाठ कर तुझे."

मॅरननं हात घातला. दोन्ही तळहातांवर तिनं मला अलगद घेतलं, अगदी तान्ह्या बाळाला घ्यावं तसं, आणि छातीशी धरलं. एवढ्या मायेनं मला आयुष्यात कोणी घेतलेलं नव्हतं. माझे पाय हवेत तरंगत होते. मी धरून ठेवलं, मित्रांनो. जितकं धरवलं तितकं धरून ठेवलं. मग नाही धरवलं.

दोन हिवाळे पुरवलेलं पाणी त्या पांढऱ्या झग्यावरून ओघळून खडीत गेलं. खडीनं ते बघता बघता पिऊन टाकलं.

गस पोट धरून हसला. "शुभशकुन! लग्नाआधीच अंघोळ!" ज्योली फोटोमागून फोटो काढत म्हणाली, "थांब, थांब, तोंड तसंच ठेव!" मॅरनही हसत होती. तिनं मला झुडपाच्या सावलीत ठेवलं आणि म्हणाली, "जा बाई, वाचलीस." वाचलीस! मला चालवेनासं झालं होतं.

झगा पुसायला फडकं हवं म्हणून टेओनं फलकावरची पिशवी काढली. त्यानं आधी नुसतंच बघितलं, मग वाचलं आणि मग पुन्हा वाचलं. हसण्याचा आवाज त्याला नको झाला असावा.

"गप्प बसा सगळे," तो म्हणाला. "मॅरन, इकडे ये."

तिनं मोठ्यानं वाचलं, "कासवाला उचलू नका. पोटातलं पाणी सांडलं तर ते तहानेनं मरतं." तिच्या सोललेल्या नाकाचा रंग गेला. टेओनं फलकावरच्या नंबरवर फोन लावला आणि मला त्याचं तेवढं बोलणं ऐकू येत होतं.

"हो मॅडम, उचललं... आम्हीच... हो, लघवी झाली. म्हणजे सगळीच झाली असणार. झग्यावर... नाही मॅडम, चालत नाहीये ती... हो. कोमट. उथळ. हनुवटी पाण्याबाहेर. सोडून जायचं नाही. समजलं."

त्यानं शँपेनच्या बाटल्या खडीवर काढून ठेवल्या, बर्फ ओतून दिला, टब पुसला आणि गाडीतल्या पिण्याच्या पाण्याचा कॅन त्यात थोडा रिकामा केला. मॅरननं या वेळी मला जमिनीलगत, सरकवल्यासारखं नेलं आणि अलगद आत ठेवलं. मग ती खडीतच मांडी घालून बसली.

ज्योलीनं सूर्याकडे पाहिलं. "हे बघा, उजेड जातोय. गस इथे बसून फोनवर मंत्र म्हणेल. तुम्ही चला."

"नको," मॅरन म्हणाली.

"अगं, परवानगी आजचीच आहे! माझ्या तारखा पुढच्या वर्षापर्यंत भरल्या आहेत. आणि हे एक कासव आहे, मॅरन. कासव!"

"उचललं मी. मीच बसणार."

"उद्या आईला फोन करून 'झालं' म्हणून सांगणार होतीस ना तू?"

टेओ मॅरनशेजारी बसला आणि म्हणाला, "म्हणजे आता चर्च, चुलत मावश्या आणि नूडल्स." ती रडत होती, त्यातच तिला हसू आलं. गसनं टोपी काढून माझ्यावर सावली धरली. मला ते मुळीच आवडलं नाही.

खडकामागे सूर्य गेला. ते दोघं तिकडे बघतही नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी? मी पीतच नव्हते. परक्याच्या भांड्यातलं पाणी परक्यांच्या देखत पिणं माझ्या स्वभावात नाही. ज्यांनी सांडलं त्यांनीच पुढ्यात आणून ठेवायचं आणि आपण लगेच तोंड लावायचं? मान आत ओढून मी बसून राहिले. मॅरनचे ओठ हलत होते, "पी ना गं, पी ना." तिला काय, पश्चात्ताप झाला की मोकळी. तहान माझी होती.

शेवटी मान बाहेर काढली आणि प्यायले. अभिमान पोटात भरून उन्हाळा निघत नाही. पाण्याला प्लॅस्टिकची चव होती. मी पीत राहिले, पीत राहिले, आणि ते चौघं श्वास रोखून बसले. ज्योलीनंसुद्धा फोटो काढला नाही.

उद्यानाच्या बाई अंधारून येता येता पोचल्या. त्यांनी हातमोजे चढवले, मला तपासलं आणि जमिनीलगत नेऊन माझ्या बिळाच्या तोंडाशी सोडलं. त्या रागावल्या नाहीत. "बाटल्या उचला आणि निघा," एवढंच म्हणाल्या. बरण्यांतली वाळू बरण्यांतच राहिली. निघताना मॅरन बिळापाशी आली, वाकली, आणि तिचे दोन्ही हात माझ्याकडे यायला निघाले. मग तिनं ते मागे नेले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवले. तशीच क्षणभर उभी राहिली आणि गेली.

त्यांचं लग्न झालं की नाही, मला ठाऊक नाही. मला त्याची चौकशीही नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी इथे आलात, तर निघण्याआधी वाकून गाडीखाली बघा. मी असले तर मी उठेपर्यंत थांबा. तुमचा मुहूर्त टळला तरी थांबा. माझी दया आली तर विशेष जपून राहा, कारण दया आली की तुमचे हात पुढे येतात. ते आधी मागे घ्या. नवी जोडपी अजून येतात, वाळू आणतात, फलकावर झगे टांगतात, आणि माझं मत बदलावं असं त्यांच्या हातून काही घडलेलं नाही. पाऊसही अजून आलेला नाही. पोटात आहे ते त्या टबातलं पाणी. त्यावर माझा उन्हाळा निघेल असं दिसतं. आभार मात्र मी मानणार नाही.