जवळ्याचा रंग

समिधाने पेन ड्राइव्ह काढला आणि कुणाच्या परवानगीची वाट न पाहता दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला.

"धनेशभाई, तीनों मॉनिटर पे एक ही फोटो लगाओ. और ब्राइटनेस सबका आधा करो."

"आधा? आधे में तो अच्छा नहीं दिखेगा, मॅडम."

"वही तो देखना है."

धनेशभाई हसले आणि एकेका मॉनिटरची बटणं दाबू लागले. पूनम सागरच्या रस्त्यावरचं त्यांचं दुकान रविवारी दुपारीही उघडं असे. समिधा आणि सोबत आलेला तिचा नवरा निकेत तिथून दोन गल्ल्यांवर राहत होते. घरच्या मॉनिटरवर आठवड्यापूर्वी एक हिरवी उभी रेघ आली आणि मग ती गेलीच नाही. त्या एकाच पडद्यावर निकेत दिवसभर विमा कंपनीचं काम करायचा आणि संध्याकाळी मित्रांशी ऑनलाइन खेळायचा. या दोन्हींच्या मधल्या वेळात समिधा लोकांच्या लग्नाचे अल्बम सुधारायची. फोटोग्राफर फोटो पाठवत, ती रंग आणि उजेड नीट करून परत देई.

गेल्या महिन्यात एक अल्बम छापून आला तेव्हा नवरीचा डाळिंबी शालू विटकरी झाला होता. निकेतच्या खेळासाठी भडक ठेवलेल्या पडद्यावर तो डाळिंबीच दिसत होता. फोटोग्राफर फार काही बोलला नाही. पुढच्या मुहूर्तांचं काम मात्र त्याने दुसऱ्या कुणाला दिलं.

तिन्ही पडद्यांवर एकाच वेळी समिधाची आई उमटली. मुर्धा गावातल्या अंगणात उकिडवी बसून जिजाबाई जाळ्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा सुकायला पसरत होती. कॅमेऱ्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"बाप रे, हा बघ," निकेत पहिल्या मॉनिटरपुढे वाकला. मॉनिटर रुंद होता, दोन्ही कडांनी आत वळलेला. "काय दिसतंय. गेमला तर एकदम स्मूथ जाईल."

"जवळा बघ."

"काय झालं जवळ्याला?"

"असा गुलाबी असतो? गोळ्या वाटतायत."

निकेतने खांदे उडवले. मधल्या मॉनिटरवर धनेशभाईंनी हात ठेवला.

"ये ऑलराउंडर है. गेमिंग, ऑफिस, फोटो, सब चलेगा. सब लोग यही ले जाते हैं."

"आणि तो?" निकेतने तिसऱ्याकडे बोट केलं.

"वो फोटोवालों का है. कलर एकदम सच्चा. लेकिन गेम के लिए स्लो पडेगा, भाई."

तिसरा मॉनिटर सपाट होता. बाकीच्या दोघांशेजारी जरा मळकटच वाटत होता. निकेत त्याच्याजवळ गेला आणि पाहत राहिला. जवळा ना गुलाबी ना करडा, उन्हात निम्मा सुकलेला. जिजाबाईच्या कपाळावरचं गोंदण इथे हिरवट, स्पष्ट दिसत होतं. पहिल्या पडद्यावर ते कपाळाच्या चकाकीत बुडालं होतं.

"ह्याच्यात आई बरोबर दिसतायत," तो म्हणाला. बोलून गेल्यावर, हे म्हणायला नको होतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "पण मधला घेऊ. दोघांचं भागेल."

"भागतं," समिधा म्हणाली. "इतकी वर्षं भागतंच आहे." मग तिने वळून धनेशभाईंना सांगितलं, "ये सच्चावाला पॅक करो."

"अगं, संध्याकाळी मी काय करू ह्याच्यावर?"

"तुझा तू घे. तो वळलेला घे, तुला आवडलाय."

"दोन-दोन ठेवायचे कुठे? टेबल एक आहे आपल्याकडे."

समिधाने कार्ड पुढे केलं. धनेशभाईंनी बिलासाठी पेन उचललं.

"डिलिव्हरी पूनम सागर ना?"

"नहीं, हाटकेश. इंडस्ट्रियल इस्टेट में, पहला माला. हिना अल्बमवाली का गाला पूछना, उसी में."

निकेतने तिच्याकडे पाहिलं. ती मशीनवर पिन दाबत होती आणि तिचा हात थांबला नाही.

दुकानाच्या पायरीवर आल्यावर तो म्हणाला, "हाटकेशला काय आहे?"

"गाळा. अर्धा हिनाचा, ती अल्बम छापते. अर्धा मी घेतला."

"मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू नाही म्हणाला नसतास," समिधा म्हणाली. "बघू म्हणाला असतास."

निकेत पुन्हा आत गेला आणि मॉनिटरचा खोका दोन्ही हातांनी उचलून बाहेर आला.

"डिलिव्हरी कशाला? रिक्षाने नेऊ."

हाटकेशचे गाळे रविवारी बहुतेक बंद होते. कुठेतरी एकच मशीन चालू होतं. पहिल्या मजल्यावर समिधाने जुडग्यातून किल्ली निवडून शटर वर सारलं. ते जुडगं रोज घरात दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलेलं असायचं. त्यात कधी एक किल्ली वाढली, निकेतला कळलं नव्हतं.

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून कागदाचा आणि शाईचा वास येत होता. अलीकडच्या भागातल्या भिंती राखाडी होत्या.

"हा असला रंग का दिला? उदास वाटतंय."

"भिंतीचा रंग डोळ्यात राहिला की फोटोचा चुकतो."

त्याने मान हलवली आणि खोका उघडला. अशा कामात त्याचा हात बसलेला होता. स्टँड लावला, वायरी टेबलामागून नीट घेतल्या, स्क्रू आवळले. समिधाने आधीच आणून ठेवलेला कॉम्प्युटर चालू केला आणि काशीगावच्या एका हळदीचे फोटो उघडले. हिनाने आणून दिलेलं हे तिचं या गाळ्यातलं पहिलं काम होतं.

निकेतने बसण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं.

"खुर्ची एकच आणलीस?"

"एकच लागते."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. नवरीच्या मनगटावरची हळद केशरी झाली होती. समिधा ती हलक्या हाताने पिवळी करत होती, थांबून मान कलती करत होती, पुन्हा थोडी उतरवत होती. घरी हे काम करताना ती त्याच्याच खोलीत असायची. तरी तो पहिल्यांदाच पाहत होता.

"वेळ लागेल तुला," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"हो. तू हो पुढे."

तो बाहेर गॅलरीत आला. ऊन कललं होतं आणि त्याच्या खांद्यावरून तिरकं आत जाऊन पडद्यावर पडत होतं. समिधाने डोळ्यांवर हात धरला होता. निकेतने शटरची कड धरली आणि सावकाश खाली ओढली. आधी तिचा चेहरा दिसेनासा झाला, मग खांदे.

"पुरे?" त्याने बाहेरून विचारलं.

"अजून थोडं," ती म्हणाली.