बाभळीचा दस्ता

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी खेळणे नाही. मी एक जुनी रायफल आहे. माझी गोळी बोटाच्या पेरापेक्षाही लहान. काडतुसाच्या पितळी काठावर टोला बसला की ती सुटते, आणि मी एका वेळी एकच गोळी घेते. आवाज फार मोठा नाही. म्हणून लोक मला पोरासोरांची बंदूक समजत. पण जीव घ्यायला मोठा आवाज लागत नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. माझी पोलादी नळी आतून इतकी चकचकीत होती की कारागिराने तिच्यातून उजेड पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. मला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला होता. दस्ता म्हणजे हातात धरायचा आणि खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. आमच्या जातीत नळीचे कौतुक सगळे करतात, दस्त्याकडे कोणी पाहत नाही. माझ्या आयुष्याची गोष्ट मात्र दस्त्याचीच आहे.

सोलापुरातल्या गिरणीच्या एका गोऱ्या साहेबाने मला आणले. तो मायदेशी परत जाताना मी विकली गेले आणि हिंदुरावाच्या घरी आले. हिंदुराव पलटणीतून हवालदार होऊन परतलेला. सांगोल्याकडच्या एका वाडीत त्याची कोरडवाहू जमीन होती. पिकाच्या राखणीसाठी त्याला परवाना मिळाला होता. ज्वारीत डुकरे शिरली की तो मला घेऊन बांधावर बसे. मला तो लेकीसारखी जपे. पाऊस पडून गेला की तेलाचा बोळा, उन्हाळा लागला की जुन्या लुगड्याची गवसणी. वाडीतले लोक म्हणत, "हवालदाराची गोळी सांगून जाती." ते ऐकून मला अभिमान वाटे. चांगले दिवस होते ते, मित्रांनो. चांगले दिवस चालू असताना कळत नाहीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसू लागले. पीकच नव्हते, तर राखण कशाची करायची? बायामाणसे तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्या वर्षी हिंदुराव मला सोबत घेऊन वैरण आणायला गेला असता उतारावर गाडी कलली, मी खाली पडले आणि माझ्यावरून चाक गेले. नळीला काही झाले नाही. अक्रोडाचा दस्ता मात्र मानेपाशी मोडला.

वाडीत महिपती सुतार होता. त्याचे औत पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्याने जोडलेला सांधा वर्षानुवर्षे हलत नसे. दुष्काळात औते कोण करून घेणार? हाताला काम नव्हते, म्हणून माझे काम त्याने मोठ्या हौसेने घेतले. वाळून उभी असलेली बाभूळ त्याने तोडली. वरून ती खडखडीत होती, पण गाभ्यात अजून ओल होती. महिपतीने तिच्यातून दस्ता कोरला, आणि औताचा सांधा बसवावा तशी माझी नळी त्यात ठोकून घट्ट बसवली.

"बघ हवालदार," तो म्हणाला. "मुंगी शिरंल एवढीबी फट न्हाय. तुज्या विलायती सुतारानं बसवलं हुतं का असं?"

"त्येला तुज्यासारकी मिशी नव्हती लेका," हिंदुराव हसला. त्याने दस्त्यावरून हात फिरवला. तांबूस, जड, देखणा दस्ता होता तो. मलाही नव्या लुगड्यासारखा वाटला.

उन्हाळा चढत गेला. गाभ्यातली ओल सुटू लागली, बाभूळ आवळू लागली आणि थोडी पिळवटली. तिने माझी नळी एका अंगाने दाबून धरली. सकाळी गारव्यात हा दाब कमी असे. दुपारी लाकूड आणि पोलाद तापले की वाढे. हिंदुरावाच्या ध्यानात आले की गोळी उजवीकडे जाते. पण त्याने दोष दिला आपल्या डोळ्यांना, मग माझ्या माशीला. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा. काडतुसे सोलापुरातून आणावी लागत, ती उधळणे परवडण्यासारखे नव्हते. एका सकाळी, ऊन चढायच्या आत, त्याने माशी ठोकून सरकवली आणि मोजक्या गोळ्या झाडून पाहिल्या. त्या निशाणासाठी ठेवलेल्या खापरीच्या मधोमध लागल्या. त्याचे समाधान झाले. दस्त्याकडे पाहायचे त्याला सुचलेच नाही. महिपतीचे काम होते ना ते!

त्याच दुपारी गोजाबाई आली.

गोजाबाई धनगराची बाई. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हते. थोडी मेंढरे आणि भुंग्या नावाचा काळा कुत्रा, एवढाच तिचा संसार. ती दारातच उभी राहिली.

"हिंदुरावदादा, भुंग्या पिसाळलाय. कोल्ह्यानं फाडला हुता मागं. आज सकाळधरनं लाळ गळतीया, मलाबी वळखंना. बाभळीला बांदून आलेय."

हिंदुरावाने मला खुंटीवरून काढले.

"एका गोळीत सोडीव दादा," ती म्हणाली. "तडफडू दिऊ नगंस. माज्या हातचं खाऊन वाडलाय त्यो."

बाभळीखाली भुंग्या दोराला हिसके देत होता. डोळे लाल, तोंडाला फेस. नेम धरावा तर तो क्षणभर स्थिर राहत नव्हता. गोजाबाई त्याच्या बाजूला, दोर पोचणार नाही इतक्या अंतरावर जाऊन उभी राहिली.

"आक्का, मागं सर," हिंदुराव ओरडला.

"माजा आवाज आयकला की उबा ऱ्हातो त्यो. तू मार. भुंग्याऽ, ये भुंग्या, हितं बघ..."

आणि खरोखर भुंग्या थांबला. त्या आजारातही त्याने तिच्याकडे मान वळवली. हिंदुरावाचा हात स्थिर होता, श्वास रोखलेला होता, नेम बिनचूक होता. पण ऊन माथ्यावर होते. नळी तापली होती आणि बाभळीने मला एका अंगाने दाबले होते.

गोळी भुंग्याच्या काळजाच्या जागी लागली नाही. उजवीकडे सरकून मांडीत गेली. भुंग्या किंचाळून उसळला, दोर तुटला. हिंदुराव दुसरे काडतूस भरेपर्यंत भुंग्याने गोजाबाईचा हात दातांत धरला होता. दोघांची झटापट चाललेली. गोळी झाडणार कुठे? मग हात सोडून तो लंगडत ओढ्याकडे पळाला.

लोकांनी जखम धुतली. कुणी हळद भरली, कुणी वैदूचे नाव सांगितले. हिंदुरावाने कुणाचे ऐकले नाही. त्याच दिवशी एस.टी.ने तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेऊन पोटात घ्यायच्या सुया सुरू करून दिल्या. पण भुंग्या मोकळा होता. ओढ्याच्या पलीकडे तलावाचे काम चालले होते. बाया खडी फोडत आणि त्यांची तान्ही लेकरे बाभळींना टांगलेल्या झोळ्यांत निजलेली असत.

परत आल्यावर हिंदुरावाने मला मांडीवर घेतले. दुपार होती. त्याने एक गोळी खापरीवर झाडली. ती उजवीकडे गेली. नळीला हात लावला, ती चटका देत होती. मग काय आठवले कोण जाणे, बिडीच्या बंडलावरचा पातळ कागद त्याने नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवायला घेतला. पलटणीत त्याच्या उस्तादाने शिकवले होते, नळीखालून कागद सरसर फिरला पाहिजे. कागद फिरेना. तो आत शिरलाच नाही.

तसाच तो मला घेऊन महिपतीकडे गेला.

"महिपती, ह्ये लाकूड खरवडायचं. नळी मोकळी पायजे."

"मोकळी?" महिपती उसळला. "माज्या सांद्यात फट पाडू म्हंतोस? अरं असलं ढिलं काम दिलं तर लोकं त्वांडात शाण घालतील माज्या!"

"ह्ये औत न्हाय, गड्या. मागचं धड आवळून बसलं पायजे. पर फुडची नळी कुटंच टेकाय नगं. गोळी सुटताना ती थरथरती, तिला कुणी धरलं की वाट चुकती."

"मग आदी का न्हाय सांगितलंस?"

"मलाबी आठवलं न्हाय," हिंदुराव म्हणाला. "तुजं काम बघून कुणाला शंका यील?"

महिपतीने काचेचा तुकडा घेतला आणि स्वतःच्या हाताने आपला सांधा खरवडू लागला. भुसा पडत होता. मध्येमध्ये हिंदुराव कागद घालून पाही. "आजून अडतंय." पुन्हा खरवड. शेवटी कागद टोकापासून धडापर्यंत न अडकता गेला. ओल पुन्हा शिरू नये म्हणून खरवडलेल्या लाकडाला जवसाचे तेल पाजले, मागचे स्क्रू आवळले, माशी पहिल्या जागी आणली. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, नळी चांगली तापवून, हिंदुरावाने खापरीवर गोळ्या झाडल्या. सगळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा लागल्या.

महिपतीने ती खापरी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि खाली ठेवली. शाबासकी कुणी कुणाला दिली नाही.

त्याच दुपारी तलावावरून आरडाओरडा आला. आम्ही पोचलो तेव्हा भुंग्या झोळ्या टांगलेल्या बाभळींकडे चालला होता. पाय ओढत, मान तिरकी करून. बाया दगड मारत होत्या, पण जवळ जायची कुणाची छाती नव्हती. झोळीत एक लेकरू रडत होते. हिंदुराव खाली बसला, कोपर गुडघ्यावर टेकवले. या वेळी भुंग्याला थांबवायला कुणाचा आवाज नव्हता.

गोळी सुटली आणि भुंग्या जागीच आडवा झाला. पाय झाडले नाहीत, ओरडला नाही. बायांनी आपापली लेकरे काढून छातीशी धरली.

गोजाबाई सुया पुऱ्या न करताच परत आली. हिंदुराव तिच्यावर चिडला. "मेंढरं मी बघत न्हवतो का?"

"बघतोस की. पर माज्या आवाजाबिगर ती पाण्याला येत न्हाईत," ती म्हणाली. मग ओट्यावर टेकली आणि विचारले, "भुंग्या लई तडफडला का रं?"

"न्हाय आक्का. पडला त्यो हललाच न्हाय."

"मग पैल्यांदाच का न्हाय तसं झालं?"

हिंदुरावाने तिला सगळे सांगितले. बाभूळ, दुपारचे ऊन, कागद, काच. काहीच लपवले नाही. तिने मला जवळ घेतले. पट्टी बांधलेल्या हाताने नळीखालच्या फटीवरून बोट फिरवले.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंसंच खरवडायचं हुतं?"

हिंदुरावाने मला तिच्याकडून घेतले आणि खुंटीला अडकवले.

पुढच्या महिन्यात टँकर आला त्या दिवशी सारी वाडी हंडे घेऊन धावली, आणि गोजाबाईने पाण्याचा तांब्या पाहून तोंड फिरवले. तिला पाण्याची धास्ती बसली होती. तिच्या दारात बसलेल्या बायांचे रडणे मला खुंटीवर ऐकू येई. मग गोजाबाई गेली आणि तेही थांबले. मेंढरे हिंदुरावाने आपल्या दावणीला आणली. महिपती त्यानंतर कुठलेही नवे काम गिऱ्हाइकाला देण्याआधी काही दिवस उन्हात ठेवू लागला. लोक त्याला हसत.

हिंदुरावाने माझ्यातून पुन्हा गोळी झाडली नाही. तेल मात्र देत राहिला. सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत सगळ्यांची हत्यारे सरकारात जमा झाली. निवडणूक संपल्यावर ज्याने त्याने आपापली नेली. मला न्यायला कुणी आले नाही. आता मी सोलापुरात सरकारी मालखान्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. नळीत गंज धरला आहे, गळ्यातल्या चिठ्ठीवरची शाई उडाली आहे.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कुठल्याही वस्तूचा एखादा भाग बदललात, तर ती वस्तू आता नवीन झाली असे समजा आणि पुन्हा पहिल्यापासून पारखून घ्या. जशा वेळी तिची खरी गरज पडणार, तशाच वेळी आधी पारखा. गारव्यात नको, भर उन्हात पारखा. काम कितीही देखणे असो, करणारा कितीही नावाजलेला आणि जिवलग असो, शंका घ्यायला लाजू नका. तुमच्या शंकेने फार तर त्याचे मन दुखेल. दुखलेल्या मनाची समजूत काढता येते.