संस्कृतीची हरकत

पाटोद्याच्या बाहेर, लिंबागणेशकडे जाणाऱ्या रस्त्याला ख्रिस्ती मंडळींचं पत्र्याचं एक प्रार्थनागृह आहे. रविवारी उपासनेआधी तिथे मुलांचा वर्ग भरतो. तिथले धर्मगुरू, पाळक शहादेव, यांच्या पत्नी वनमालाबाई तो घेतात. त्या रविवारी त्या देवाच्या बोलावण्याविषयी शिकवत होत्या. देव माणसाला नावानं हाक मारतो आणि मग कुठल्या तरी कामाला पाठवतो, असं त्या सांगत होत्या.

"ल्हान लेकरांला बी?" अकरा वर्षांच्या संस्कृतीनं विचारलं.

"हो, लहानांना बी."

"आन् भ्या वाटलं तर?"

"भ्या वाटतंच गं. देवानं ज्यांना पाठवलं ते समदे आधी भ्यालेच होते. पर गेले."

मुलं पांगली तरी संस्कृती मागं रेंगाळली. बाईंचा पदर मुठीत धरून हळूच म्हणाली, "बाई, आमच्या अक्काचं लगीन हाय गुरुवारी. ती जेवत न्हाई. चुलीम्होरं नुसती थरथरत बसती. ती चौदाची हाय. पाळकसाहेबांला सांगा ना."

संस्कृतीची ही अक्का, शिवकन्या, गेल्या वर्षापर्यंत ह्याच वर्गात बसत होती. तिचं वय वनमालाबाईंना ठाऊक होतं. तरी त्या एवढंच म्हणाल्या, "आपण प्रार्थना करू हं."

दुपारी जेवताना त्यांनी नवऱ्याकडे विषय काढला. शहादेवांचा घास हातातच राहिला.

"तिच्या बापानं, धोंडीरामानं, पोरीचं वय अठरा सांगितलंय. मी तेच धरलंय."

"तुम्हाला खरं वाटतं का हो?"

"आपली मंडळी मूठभर, वनमाला. धोंडीराम रुसला तर चार घरं त्याच्यामागं जातील. पोलीस आले तर गावाला बोलायला निमित्तच हवंय." त्यांनी ताट बाजूला सारलं. ते घाबरले होते, हे बाईंना दिसत होतं. घाबरल्या तर त्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलींच्या आईकडे गेल्या. साखराबाई ऊसतोडीला जायच्या तयारीत पोत्यात भांडी भरत होती.

"बाई, म्या वैरीण न्हाई लेकीची," ती मान वर न करता म्हणाली. "लगीन उरकलं की आमी कारखान्याला जानार, ते पार उन्हाळ्यातच येनार. न्हाई लावलं तर तिला माज्या म्हाताऱ्या सासूपाशी ठिवू? त्या वस्तीवरची पोर अशीच एकटी मागं ऱ्हायली, तिच्यावर काय गुदरलं, तुमाला ठाव हाय. उसाच्या फडावर न्यावी, तर पाचटाच्या कोपीला दार न्हाई, कडी न्हाई. तिथं म्या स्वतः कशी ऱ्हाते, माजं मला ठाव. कुनाच्या नावाची झाली, म्हंजी तेवढंच भ्या कमी."

घरी येताना वनमालाबाईंनी फोनवर १०९८, मुलांच्या मदतीचा नंबर, लावला, आणि पलीकडे वाजण्याआधीच तोडला.

गुरुवारी प्रार्थनागृह गच्च भरलं. शिवकन्येला पांढरी साडी टाचण्या लावून लावून नेसवली होती. चुडा मनगटावरून घसरत होता. शेजारी तिच्या दुप्पट वयाचा नवरदेव खाली मान घालून उभा होता. शहादेवांनी नेहमीच्या स्वरात वाचलं, ह्या विवाहाला कोणाची न्याय्य हरकत असेल तर त्यांनी आत्ताच सांगावी. ह्यावर कधी कोणी बोलत नसतं. त्यांनी पान उलटायला घेतलं.

"माझी हाय."

बायकांच्या बाजूला, सतरंजीवर संस्कृती उभी होती. भीतीनं तिला उभ्या जागीच लघवी झाली होती. फ्रॉक भिजला होता, ओठ पांढरे पडले होते. पण ती खाली बसली नाही.

"अक्का चौदाची हाय. समद्यांला ठाव हाय. मला देवानं पाठवलंय सांगायला."

कोणीतरी हसलं. धोंडीराम ताडकन उठला. "कार्टे, गप बस!" म्हणत तो हात उगारून धावला. वनमालाबाई जागेवरून कशा उठल्या, ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. ती चपराक त्यांच्या कानशिलावर बसली. कान सुन्न झाला. संस्कृतीला पोटाशी धरून त्या नवऱ्याकडे वळल्या.

"माझीबी हरकत हाय. पोरगी माझ्या वर्गात होती. मला ठाऊक होतं. तुम्हालाबी होतं."

"पाळक, उरका लवकर," नवरदेवाचा चुलता गुरकावला.

शहादेवांनी शिवकन्येकडे पाहिलं. इतका वेळ त्यांनी ते टाळलं होतं. मग हातातलं पुस्तक मिटून ते म्हणाले, "हे लग्न मी लावणार नाही."

एकच गलका उडाला. खुर्च्या आदळल्या, पत्र्यावर दगड पडला. वनमालाबाईंनी दोघी बहिणींना मागच्या खोलीत ओढलं, कडी लावली आणि पुन्हा तोच नंबर लावला. बाहेरून दारावर लाथा बसत होत्या. ह्या वेळी त्यांनी फोन तोडला नाही.

अधिकारी आले, जबाब झाले, लग्न थांबलं. चार घरं मंडळी सोडून गेली. शहादेव म्हणाले होते तसंच झालं.

ऊसतोड टोळीची गाडी निघायच्या दिवशी साखराबाई पाळकांच्या दारात आली. बरोबर दोघी लेकी होत्या, काखेत कपड्यांचं गाठोडं.

"लगीन मोडलंत. बरं केलंत का वाईट, मला न्हाई कळत. आता सांगा बाई, माजं भ्या म्या कुनापाशी ठिवू?"

"माझ्यापाशी," वनमालाबाई म्हणाल्या. कोपऱ्यावर नवरदेवाच्या नातलगांची मोटारसायकल उभी होती, ती त्यांनीही पाहिली होती.

साखराबाईनं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि मागं वळून न पाहता गाडीकडे गेली.

त्याच आठवड्यात तलवाड्याकडची, ऊसतोडीला निघालेली एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली. मग आणखी एक आली. घरात जागा नव्हती. बाईंनी प्रार्थनागृहातल्या सतरंज्या झटकल्या, दाराला नवी कडी बसवून घेतली आणि रोज पोरींना शाळेत पोचवायला त्या स्वतः जाऊ लागल्या. ती मोटारसायकल दिसली की त्या अजून पोरींना रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतात.

त्या गुरुवारी प्रार्थनागृहात बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला शिवकन्येचं वय माहीत होतं. आपल्या गावातून ह्या वर्षी ऊसतोडीची गाडी निघेल, तेव्हा मागं राहणाऱ्या लेकींचं वय आपल्यालाही माहीत असेल. त्यांच्यासाठी आपण कोणतं दार उघडणार आहोत?