बिनधुराची चूल

सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पटू नये अशीच माझी इच्छा आहे. पटलेल्या गोष्टी लोक विसरून जातात.

आमच्या घरात एक चूल आहे. लांबच्या एका सरकारनं सेवेला धाडलेल्या बाईनं ती बांधली. तिला आम्ही चूलताई म्हणायचो. तिनं गल्लीतल्या प्रत्येक घरात अशी चूल बांधून दिली, आणि ती इतकी बिनधुराची निघाली की बायकांच्या डोळ्यांतलं पाणीच आटलं. मयताला रडायचं झालं, तर शेजारच्या गावात जाऊन कुणाच्या तरी जुन्या चुलीपुढे बसून यावं लागे.

हे मी नर्सबाईला ती आल्या दिवसापासून ऐकवत होतो. चूलताईमागून त्याच सरकारनं धाडलेली ही दुसरी, वयानं माझ्या नातीएवढी. काम एकच, घरोघरी जाऊन साबणानं हात धुवायला शिकवणं. आमची भाषा ती जपून बोलायची, ओल्या फरशीवरून चालल्यासारखी. लोक तिला खुर्ची देत, मान डोलवत, साबण ठेवून घेत. ती वळली की माना थांबत.

त्या संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली ती पत्र्याची ट्रंक ओढतच. ट्रंकेला दोरी आवळलेली. तिच्यावरच बसली आणि म्हणाली, "उद्या सकाळच्या बसनं मी जाते. मुदत संपेपर्यंत नाही थांबत."

"कुणी काही बोललं का गं तुला?" आमच्या म्हातारीनं आतून येत विचारलं.

"कुणी काही बोलतच नाही, आजी. सगळे हो म्हणतात. हो ऐकून ऐकून दमले मी."

म्हातारीनं मला डोळ्यांनी खुणावलं, थांबवा हिला. मला थांबवायची एकच रीत येते. मी चूलताईची गोष्ट काढली. या खेपेला चूल एवढी गुणी झाली होती की एका काटकीत सबंध गल्लीचा स्वयंपाक उरकत होता.

"तेच तर," नर्सबाई म्हणाली. "त्यांना जमलं, मला नाही." ती उठली. "जायच्या आधी ती चूल बघते. एक तरी गोष्ट टिकली म्हणून कळवीन."

"आत नको!" मी आडवा झालो. "फार तापट चूल आहे ती. विझवली तरी आठवडाभर निवत नाही."

पण ती शिरलीच. पाहुण्यांना आम्ही ओट्यावरच बसवत असू, त्यामुळे आमचं स्वयंपाकघर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आत जुनी चूल भसाभसा धूर ओकत होती, आणि नवी कोपऱ्यात गोणपाटाखाली. नर्सबाईनं गोणपाट सारलं आणि ऊब बघायला चुलीच्या तोंडात हात घातला. असा काही कलकलाट झाला की विचारू नका. ती मागे सरली तेव्हा केसांत पीस होतं आणि हातात अंडं.

"आजोबा, ही चूल अंडी घालते?"

"आत ऊब टिकून आहे ना, म्हणून बसते कोंबडी," मी म्हणालो.

म्हातारीनं फुंकणी आपटली. "पुरे झालं तुमचं! अगं, आमची भांडी मोठी आणि चुलीचं तोंड लहान. कुणाच्याच घरी भांडं बसेना. पण तिला सांगायचं कसं? ती गल्लीत शिरली की आम्ही धावत जाऊन तिची चूल पेटवायचो. ती पुढे गेली की विझवायचो, आणि उरलेला स्वयंपाक जुनीवर. दोन दोन चुली सांभाळून कंबरडं मोडलं आमचं."

"त्यांना कळलंच नाही?"

"कळलं ना. असाच हात घातला. अशीच ट्रंक बांधून बसली, तिथंच, ओट्यावर. मग दोरी सोडली आणि म्हणाली, आता भांडं आणा, खरं काय ते सांगा." म्हातारीनं छताजवळच्या भोकाकडे बोट केलं. "चूल काही जमली नाहीच. पण भिंतीला ते भोक पाडून गेली. निम्मा धूर जातो त्यातून. आणि कोंबडीला पेंढासुद्धा तिनंच घातलाय."

नर्सबाईनं त्या भोकाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. त्यांवर कोंबडीनं आपली छाप सोडली होती.

"आजी, हात धुवायला पाणी द्या. आणि साबण."

"साबण? तू दिलेलाच वापरतो की आम्ही!" मी घाईनं म्हणालो. "रोज घासून घासून असा झिजलाय, आरपार दिसतं त्यातून."

कपड्यांची पेटी उघडून, वासासाठी घड्यांत ठेवलेला साबण म्हातारीनं काढला आणि नर्सबाईच्या हातावर ठेवला. नर्सबाईनं तो उलटून पाहिला, सुलटून पाहिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"उद्याची बस जाऊ दे. आधी बाह्या वर करा तुम्ही! खोटं, आजोबा, साफ खोटं! याचा तर कागदसुद्धा फाडलेला नाही!"