आलेख बंद करा

ऑफिसात सगळे त्याला मामा म्हणत. बंद पडलेला सर्व्हर उठवण्यात मामाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण चालू सर्व्हर आणखी वेगाने पळवायचा कसा, हे तो या वयात नव्याने शिकत होता. आणि नवशिक्याचा उत्साह म्हणजे काय विचारता! दिसेल त्याला त्याने मोजमाप लावलं. अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधली प्रत्येक नोंद किती वेळ खाते, याचे रंगीत आलेख भिंतभर नाचू लागले. साहेब इतके खूश की त्यांना ते स्वतःच्या टेबलावर हवेत, त्यांच्या साहेबांनाही हवेत. मामाने हौसेने सगळ्यांना दिले.

आज भर दुपारी हायवेवर बस उलटली आणि कंट्रोल रूमचे फोन खणखणू लागले. तिथे फोन घेऊन गाड्या पाठवायला मामाची सख्खी मोठी बहीण बसायची. तिचा फोन आला.

"अरे, पत्ता टाकला की नुसतं चक्र फिरत बसतंय! कुठली गाडी पाठवू? माणसं रस्त्यावर पडलीत!"

"बघतोय ताई. फोन ठेवू नकोस."

मामाने सर्व्हरची मेमरी वाढवून पाहिली. ढिम्म फरक नाही. साहेब मागे येऊन उभे राहिले. "मामा, माझ्या टेबलावरच्या आलेखांतही सगळं लाल दिसतंय! वरचे साहेबही बघतायत."

शेवटी सर्व्हरकडे या घटकेला कोण काय मागतंय, ते मामाने उघडलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. वरपासून खालपर्यंत त्याचेच आलेख! दर सेकंदाला एकेक आलेख सगळ्या नोंदी पुन्हा मोजत होता आणि ताईची एवढीशी मागणी त्यांच्या मागे ताटकळत होती. काम जितकं अडे, तितकी जास्त माणसं आलेख उघडून बघत बसत. घ्या आता!

"साहेब, आलेख बंद करतोय. सगळे."

"वेड लागलंय का? मग आपल्याला कळणार कसं काय चाललंय ते?"

"नाही कळणार."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

चुकला तर पुढे कुठे शोधायचं तेही दिसणार नव्हतं, आणि तिकडे माणसं जातील. मामाने बटण दाबलं आणि भिंत काळी झाली.

"ताई?"

ताई त्याच्याशी बोलतच नव्हती. कीबोर्ड खडखडत होता. "हो, पत्ता सांगा... मिळाली गाडी. निघाली, रडू नका. हं, पुढचा कॉल द्या!"

"ताई, किती वेळ लागतोय आता? चक्र फिरतंय का?"

"मध्ये मध्ये बोलू नकोस रे!" ताई खेकसली आणि तिने फोन आपटला.

"काय म्हणाल्या?" साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"फोन आपटला," मामा म्हणाला. "वेळ नाहीये तिला." आणि त्याला रडूच फुटलं.